जसं होतं तसं

हातचा एक. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. आठ आणि सात पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. तो हातचा पाटीच्या कोपऱ्यात लिहायचा नाहीतर बोट दुमडून धरायचा. पुढच्या घराची बेरीज झाली की बोट मोकळं करायचं. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. पण तालुक्यातल्या लहान शाळेत गणिताचे सर रजेवर गेले की त्यांच्या तासाला कोणीतरी जावंच लागतं, त्यामुळे हातचा माझ्याही वाट्याला पुष्कळ आला.

कॉम्प्युटरलाही हातचा धरावा लागतो, आणि तो बोट दुमडल्यासारखाच धरतो, हे मात्र मला सत्तरी उलटल्यावर कळलं. माझा पुतण्या पुण्यात नोकरी करतो. त्याचं काम काय, असं कोणी विचारलं की घरातले सगळे "कॉम्प्युटरमध्ये आहे" म्हणून मोकळे होतात. मागच्या दिवाळीत तो चार दिवस निवांत होता. मी म्हटलं, "बाबा रे, तू नेमकं करतोस तरी काय? मला कळेल अशा मराठीत सांग." तो म्हणाला, "काका, मी कर्नलमध्ये काम करतो." कर्नल म्हणजे सैन्यातला नव्हे. कर्नल म्हणजे गर, गाभा. फोन असो, बँकेचं मशीन असो की रेल्वेचं आरक्षण, सगळ्याच्या तळाशी एक कार्यक्रम चालू असतो. बाकीचे कार्यक्रम त्याच्याकडून वेळ मागतात, जागा मागतात. तो कर्नल. पुतण्याच्या कामातलं सर्वांत नाजूक प्रकरण कोणतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "झेंडे सांभाळणं."

मग तीन संध्याकाळी ते झेंडेपुराण चाललं. पुढे आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक मैथिली वुटुकुरू यांची याच विषयावरची व्याख्यानं इंटरनेटवर फुकट मिळतात असं कळलं. तीही मी थांबून थांबून ऐकली. इंग्रजी माझं बेताचं आहे, पण फळ्यावर लिहून शिकवणारा माणूस कुठल्याही भाषेत थोडाफार कळतोच.

तर मंडळी, झेंडे. आमचं नरखेड नागपूर-इटारसी मार्गावरचं जंक्शन आहे, अमरावतीकडची लाइन इथेच येऊन मिळते. त्यामुळे झेंड्याची भाषा इथल्या पोरांना बाराखडीआधी कळते. गार्डच्या हातातला हिरवा झेंडा लांबलचक भाषण करत नाही. तो एवढंच सांगतो की, जा. प्रोसेसरमधला झेंडा असाच असतो. एक घर, त्यात शून्य किंवा एक. इंटेल कंपनीचा 8086 हा प्रोसेसर 1978 साली आला. त्यात अशी सोळा घरं एका ओळीत होती आणि त्यांतली नऊ वापरात होती. पहिलं घर हातच्याचं. एक घर उत्तर शून्य आलं का ते सांगतं, एक घर उत्तर ऋण आलं का ते. नंतरच्या प्रोसेसरांत घरं वाढली, पण ही जुनी नऊ जिथल्या तिथे राहिली. या ओळीला म्हणतात रजिस्टर. शिक्षकाला याहून जवळचा शब्द कुठला?

यातली सहा घरं गणिताच्या उत्तराबद्दल बोलतात. उरलेली तीन वेगळ्या जातीची. ती काय झालं हे सांगत नाहीत, प्रोसेसरने कसं वागावं हे सांगतात. त्यांतलं एक घर, शून्यापासून मोजलं तर नववं, व्यत्ययाचं. पुतण्या त्याला इंटरप्ट फ्लॅग म्हणतो.

हे समजायला शाळेचा वर्ग बरा. गुरुजी शिकवत असतात. मध्येच शिपाई नोटीसवही घेऊन दारात उभा राहतो. गुरुजी वाक्य अर्धं सोडतात, नोटीस वाचतात, सही करतात, पुन्हा त्याच वाक्यावर येतात. प्रोसेसरचंही असंच चालतं. कळफलकावरची कळ दाबली, की हाक. तारेतून माहिती आली, की हाक. घड्याळाचा ठोका पडला, की हाक. लिनक्स नावाच्या कर्नलच्या सुरुवातीच्या काळात साध्या घरगुती मशीनवर घड्याळाची ही हाक सेकंदाला 100 वेळा येत असे. सेकंदाला शंभरदा शिपाई दारात! आणि एवढं होऊनही वाक्य तुटत नाही, कारण हाक ऐकण्याआधी प्रोसेसर आपण कुठे होतो ते आणि झेंड्यांची सगळी ओळ बाजूला लिहून ठेवतो.

पण काही कामं अशी असतात की मध्ये शिपाई आलेला चालत नाही. निकालपत्रकावर बेरजा चढवताना अर्ध्या ओळीचे गुण मांडलेत, अर्धे मांडायचेत, आणि तेवढ्यात शिपायाने येऊन तोच कागद उचलला, तर मुलगा पास की नापास हे देवच जाणे. अशा वेळी दार लावून घ्यायचं. नववं घर शून्य केलं की दार बंद, एक केलं की उघडं. बंद करण्याच्या आज्ञेला सीएलआय म्हणतात, उघडण्याच्या आज्ञेला एसटीआय. दार लावलेला वेळ अगदी थोडा हवा, नाहीतर बाहेर हाका साचतात आणि काही हरवतात.

इथपर्यंत सगळं सोपं वाटतं. दार लाव, काम कर, दार उघड. मी पुतण्याला म्हटलं, "यात नाजूक काय आहे?" तो हसला. म्हणाला, "काका, तुम्ही शेवटी दार उघडलंत. पण तुम्ही आलात तेव्हा ते उघडं होतं का?"

हा प्रश्न ऐकला आणि मला एकदम एक विहीर आठवली.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमच्या बाजूच्या एका गावात दोघा चुलतभावांची सामाईक विहीर होती. आजूबाजूला संत्र्याची झाडं, विहिरीत मचाणावर पंप, वर टिनाच्या खोलीत स्टार्टर. एक लाल बटण, एक हिरवं. एका दुपारी थोरल्या भावाने लाल बटण दाबलं आणि पंपाची गळती थांबवायला तो खाली उतरला. हे धाकट्याला ठाऊक नव्हतं. तो बगिच्याच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथे पाइपाचा एक जोड निसटलेला त्याला दिसला. पाणी येत नव्हतं, पण त्याचं त्याला नवल वाटलं नाही. लाइन गेली असेल, आपल्याकडे ती जातेच. जोड बसवताना लाइन आली तर पाणी अंगावर येईल म्हणून तो शहाण्यासारखा आधी खोलीत आला आणि त्याने लाल बटण दाबलं. ते आधीच दाबलेलं होतं. परत जाऊन त्याने जोड नीट बसवला. काम झालं म्हणून पुन्हा खोलीत आला आणि हिरवं बटण दाबलं.

थोरल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याला जीपमध्ये घालून नागपूरला मेडिकलला नेलं, तेव्हा मी बरोबर होतो. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. पुढे तो बाप प्रगतिपुस्तकावर डाव्या हाताने सही करायचा. अक्षरं वाकडीतिकडी, पण नाव पूर्ण लिहायचा.

गावात लोक धाकट्याला बोलले. पण मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, त्या माणसाने निष्काळजीपणा कुठे केला? त्याने काम सुरू करण्याआधी बंद केलं आणि संपल्यावर सुरू केलं. याहून काय करायचं? इतकी वर्षं मला याचं नीट उत्तर सापडलं नव्हतं. ते पुतण्याच्या त्या एका प्रश्नात सापडलं. धाकट्याने "बंद कर" आणि "सुरू कर" एवढंच केलं. करायला हवं होतं ते असं: आधी काय होतं ते बघ, मग बंद कर, आणि शेवटी आधी जे होतं ते कर. आधी बंद असेल, तर जातानाही बंदच ठेव. तुझं काम संपलं म्हणून दुसऱ्याचं संपलं असं नाही.

कर्नलमध्ये हाच अपघात अक्षरशः असाच होतो. कार्यक्रमाचा एक भाग दार लावतो आणि मदतीला दुसऱ्या भागाला बोलावतो. तो दुसरा आपल्या कामापुरतं दार लावतो, काम करतो आणि जाताना उघडून जातो. पहिला समजतो, दार बंद आहे. त्याचा कागद अर्धा लिहिलेला असतो. गंमत अशी की हजारदा काहीच होत नाही, कारण त्या नेमक्या क्षणी शिपाई आलेला नसतो. एक हजार एकाव्या वेळी तो येतो. मग मशीन बंद पडतं आणि कारण शोधणाऱ्यांच्या रात्री जातात.

यावर उपाय दोन. पहिला, चिठ्ठी लिहिण्याचा. लिनक्समध्ये लोकल आयआरक्यू सेव्ह अशी एक कृती आहे. ती झेंड्यांची आत्ताची स्थिती चिठ्ठीवर उतरवून घेते आणि मग दार लावते. तिचा जोडीदार रिस्टोर. तो दार उघडत नाही, चिठ्ठीत जे असेल ते परत करतो. पुतण्या सांगतो, नवीन पोरं कामाला आली की हा फरक त्यांच्या अंगी मुरायला वेळ लागतो. उघडणं वेगळं आणि पूर्ववत करणं वेगळं. मराठीत "पूर्ववत" हा शब्द आपण निबंधात, अर्जात किती सहज लिहितो! "वीजपुरवठा पूर्ववत करण्यात यावा." त्याचा अर्थ इतका कडक असेल असं कधी वाटलं नव्हतं.

दुसरा उपाय मोजण्याचा. आमच्याकडचे लाइनमन तो फार जुना जाणतात. लाइनवर चढण्याआधी उपकेंद्रातून परमिट घ्यायचं. एकाच लाइनवर दोन टोळ्या दोन जागी काम करत असतील तर परमिटं दोन. एक परत आलं म्हणून लाइन चालू करायची नाही. दोन्ही परत आली की मगच. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी एक्सव्ही-सिक्स नावाचा छोटा कर्नल लिहिला आहे. आयआयटीच्या त्या व्याख्यानांत तोच उघडून दाखवतात. त्यात दार लावताना प्रत्येकाने आकडा एकाने वाढवायचा आणि पहिल्याने येताना दार कसं होतं तेही नोंदवायचं. जाताना प्रत्येकाने आकडा एकाने कमी करायचा. आकडा शून्यावर आला आणि पहिल्याच्या नोंदीत दार उघडं असेल, तरच ते उघडायचं. आणि आकडा कमी करायला कोणी आला आणि दार मध्येच कोणीतरी उघडून ठेवलेलं त्याला आढळलं, तर? तर तो कर्नल पुढे जातच नाही. तिथल्या तिथे ओरडून थांबतो. चुकीच्या स्थितीत काम रेटण्यापेक्षा थांबलेलं बरं.

त्या अपघातानंतर दोघा भावांनी स्टार्टरच्या पेटीशेजारी दोन खिळे ठोकले होते आणि दोन लाकडी बिल्ले टांगले होते. खाली उतरणाऱ्याने आपला बिल्ला खिशात घालून न्यायचा. खिळा रिकामा दिसला तर हिरव्या बटणाला हात लावायचा नाही. एमआयटीचं नावही न ऐकलेल्या दोन शेतकऱ्यांनी हे केलं होतं. शहाणपण कुठेही उगवतं. वाईट एवढंच की बहुतेक वेळा ते आधी किंमत घेतं.

लिनक्सचा इतिहास पाहिला तर तिथेही हे हळूहळूच उमगत गेलेलं दिसतं. लिनस टोरवाल्ड्सने तो 1991 साली आपल्या घरच्या 386 मशीनसाठी लिहायला घेतला. तेव्हा मशीनमध्ये प्रोसेसर एकच. दार लावलं की सगळं जग बाहेर. पुढे एका मशीनमध्ये दोन, चार, आठ प्रोसेसर आले. आपल्या खोलीचं दार लावून काय उपयोग, जर तोच कागद शेजारच्या खोलीतूनही कोणी लिहू शकत असेल? काही वर्षं त्यांनी अशी तजवीज केली की एकाने सांगितलं की सगळ्यांचीच दारं लागायची. काम भागायचं, पण एका वर्गातल्या निकालपत्रकासाठी अख्खी शाळा ताटकळायची. 2002 साली नव्या आवृत्तीची जुळणी चालू असताना ती सोय काढूनच टाकली. आता दार फक्त स्वतःचं लावायचं आणि सामाईक कागदाला वेगळं कुलूप. ज्याला जेवढं हवं तेवढंच अडवायचं.

महाराष्ट्रातलंही एक उदाहरण सांगायलाच हवं. आयआयटी मुंबईत प्राध्यापक माधव देसाई यांच्या चमूने 'अजित' नावाचा प्रोसेसर घडवला. 2019 साली त्याच्या बातम्या आल्या होत्या. आरेखन पवईचं आणि चिप तयार झाली मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत. या 'अजित'ची आज्ञाभाषा इंटेलची नाही, स्पार्क नावाची आहे. तिथे झेंड्यांचं रजिस्टर बत्तीस घरांचं. त्यात हातचा आहे, शून्य आहे, ऋण आहे. व्यत्ययासाठी नुसतं बंद-उघडं नाही, तर पायरी आहे, शून्य ते पंधरा. ज्या हाकेची पायरी वरची, तीच आत येते. पण मला आवडलं ते वेगळंच घर. त्याचं नाव आहे 'आधीचा'. प्रोसेसर सामान्य अधिकारात होता की वरच्या, हे एका घरात असतं. हाक आली की तो वरच्या अधिकारात जातो, पण जाण्याआधी शेजारच्या घरात लिहून ठेवतो की मी आधी कोण होतो. परतताना तिथलं वाचून तसाच होतो. अधिकार मिळतानाच परतीची नोंद झालेली! खुर्चीवर बसण्याआधी माणसांनाही असं एक घर भरायला लावलं असतं तर किती बरं झालं असतं.

याच स्पार्कची आणखी एक खोड आहे. तिथे त्याच रजिस्टरमध्ये, आपण सध्या कुठल्या खिडकीतून काम करतोय, याचाही आकडा असतो. एका कामातून दुसऱ्यात शिरलं की खिडकी बदलते. म्हणून लिनक्सच्या जुन्या मार्गदर्शक पुस्तकांत ताकीद होती की ज्या कामात चिठ्ठी लिहिली त्याच कामात ती परत करा, दुसऱ्याच्या हाती देऊ नका. एका जागची आधीची स्थिती दुसऱ्या जागी नेऊन लावली तर ती पूर्ववत होत नाही, नवीच गडबड होते.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, सार कळलं. जसं होतं तसं ठेवावं. मलाही तसंच वाटलं होतं. पण तिसऱ्या संध्याकाळी पुतण्याने 2008 सालची एक हकिकत सांगितली आणि माझं सार अर्धं निघालं.

झेंड्यांच्या ओळीत एक घर दिशेचं आहे. मजकूर एका जागेवरून दुसरीकडे उतरवताना पुढे पुढे जायचं की शेवटाकडून मागे, हे ते घर सांगतं. नियम असा ठरलेला की कुठलंही नवं काम सुरू होताना दिशा 'पुढे' असलीच पाहिजे. पण कार्यक्रमांचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा जीसीसी हा कार्यक्रम सावध होता. तो अशा जागी प्रत्येक वेळी स्वतःच 'दिशा पुढे' ही आज्ञा आधी टाकून ठेवायचा. मार्च 2008 मध्ये त्याची नवी आवृत्ती आली. तिच्या कर्त्यांनी म्हटलं, नियम आहेच तर ही जादा आज्ञा कशाला? त्यांनी ती काढली. आणि तेव्हा उघड झालं की लिनक्स तो नियम इतकी वर्षं एका ठिकाणी पाळतच नव्हता. एखादा कार्यक्रम मजकूर उलट्या दिशेने उतरवत असताना कर्नल त्याला मध्येच थांबवून तातडीचा निरोप पोहोचवत असे. निरोप हाताळणारं काम नवं असे, पण दिशेचं घर आधीच्याचंच, उलटं. ते काम सरळ समजून उतरवायला घेई आणि मजकूर भलत्याच जागी सांडे. लिस्प भाषेच्या एका प्रणालीत हे प्रथम लक्षात आलं.

मग वाद. एक म्हणे, नियमाच्या पुस्तकात आमचं बरोबर आहे. दुसरा म्हणे, पुस्तकात असेल, पण जगभरच्या मशीनवर जुना कर्नल चालू आहे, त्यांचं काय? आपल्या ग्रामसभेत बांधाच्या वाटेवरून होतो तसाच हा वाद, एकाकडे सातबारा आणि दुसऱ्याकडे वहिवाट. शेवटी कर्नल दुरुस्त झाला. निरोपाचं नवं काम सुरू करताना दिशेचं घर आता स्वच्छ करून देतात. आणि ते काम संपून मूळ कार्यक्रम पुढे सुरू होतो तेव्हा त्याला त्याची उलटी दिशा जशीच्या तशी परत मिळते.

हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो. कारण यात दोन वेगळे धर्म आहेत आणि दोन्ही एकाच वेळी पाळायचे आहेत. ज्याचं काम मध्ये थांबवलं, त्याला त्याचं सगळं जसं होतं तसं परत करायचं, वाकडं असलं तरी वाकडंच. ते वाकडं का आहे हे त्याला माहीत असतं. पण जो नव्याने सुरुवात करतोय, त्याच्या हाती आधीच्याचं वाकडं द्यायचं नाही. त्याला घर पुसून द्यायचं.

शाळेत जून महिन्यात वर्ग बदलायचे. नवा वर्ग हाती घेताना आधीचे वर्गशिक्षक हजेरीपट द्यायचे आणि बरोबर तोंडी एक यादीही द्यायचे. हा ढ, हा उनाड, हिच्या घरी शिकण्याचं वातावरण नाही, याचा बाप दारू पितो. सगळ्या शाळांत हे चालतं, कोणा एकाचं नाव घ्यायचं कारण नाही. देणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. आपल्याला वाटतं आपण माहिती पुढे देतोय. पण मुलगा जूनमध्ये नव्या वर्गात येतो तो नवी वही घेऊन, कोऱ्या पानावर, कोपऱ्यात श्री लिहून. त्याच्या बाजूने ते नवं काम असतं. आणि आपण त्याच्या पाठीवर गेल्या वर्षीचा झेंडा तसाच लावून ठेवतो. मग तो सरळ लिहायला घेतो आणि ते उलटं उमटतं.

त्या बोटं गेलेल्या माणसाचा मुलगा त्या वर्षी सहा आठवडे शाळेत आला नाही. घरची कामं त्याच्यावर पडली होती. तो परत आला त्या दिवशी भूगोलाची वही उघडून त्याने मला विचारलं, "सर, आपलं कुठवर झालं होतं?" मी त्याला तो गेला त्या दिवशीच्या धड्याचं पान काढून दिलं. पुढच्या जूनमध्ये तो वरच्या वर्गात गेला. त्याच्या नव्या सरांनी मला व्हरांड्यात गाठून विचारलं, "पोरगा कसा आहे?" मी म्हटलं, "तुमच्या वर्गात बसू द्या, तुम्हालाच कळेल."